विचारलं तर ती हो म्हणेल

१५ जुलै २००७, रविवार. क्रीट बेट. समुद्राकडे तोंड असलेल्या तीन खोल्या, तिन्ही वेळचं खाणं धरून.

हजर: दादा, नलिनीवहिनी, त्यांची केतकी, मी, अविनाश आणि आमचा रोहन.

ही हजेरी मी अथेन्सच्या विमानतळावर पासपोर्टांच्या फोल्डरवर लिहिली. तू माझ्या खांद्यावरून वाकून वाचलीस आणि म्हणालास, "कुंदे, सहा माणसं आहेत. नुसती मान वळवली तरी मोजून होतात."

"तुला कळायचं नाही. तू कधी पाच बॅगा आणि एक सोळा वर्षांचा मुलगा घेऊन फिरलेला नाहीस."

"बॅगा तुझ्याच आहेत," तू म्हणालास, "आणि मुलगा तुझ्यापेक्षा शहाणा आहे."

दादा, तू जाऊन महिना होत आला. मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर लिहून द्या म्हणून शिकागोहून फोन आला होता, ते दिलं लिहून. त्यात तुझं कॉलेज आहे, नोकरी आहे, मंडळासाठी केलेली कामं आहेत, सालं सगळी बरोबर आहेत. वाचून बघितलं तर त्यात तू कुठेच नव्हतास. तरी पाठवलं, कारण तारीख उलटत होती. हे दुसरं मात्र तुलाच लिहितेय. मला एक उत्तर हवं आहे आणि ते तुझ्याखेरीज कुणाकडे नाही.

प्रश्न वहिनींचा आहे. तेरावं झालं, माणसं पांगली. तुझ्या शिकागोच्या घरी मी वरच्या खोलीत बॅग भरत होते. वहिनी माझे वाळलेले कपडे घेऊन आल्या आणि पलंगाच्या कडेवर बसल्या. एक एक कपडा उलगडून पुन्हा घडी घालत म्हणाल्या, "कुंदा, ह्यांच्या अस्थी इथल्या लेकमध्ये सोडाव्यात असं माझ्या मनात आहे. बर्फ गेलं की. मी रोज तिथे चालायला जाते, गाडीनं दहा मिनिटं लागतात. गावाला नेल्या तर मी ह्यांच्याकडे कधी जाणार?"

मी म्हटलं, "चांगलं आहे की."

"पण ह्यांना काय हवं होतं ते मला माहीत नाही. मला कधी बोलले नाहीत. क्रीटला तुम्ही भाऊबहीण सकाळी चालायला जायचात. तुला काही बोलले होते का? बोलले असतील तर खरं सांग. तू सांगशील तसं करू."

"आठवून सांगते," मी म्हटलं.

मला आठवावं लागत नाही, हे तुला माहीत आहे. तुझ्या मुंजीत पंगतीला कोण कोण बसलं होतं ते आई माझ्याकडून ऐकायची, आणि मी तेव्हा जन्मलेही नव्हते. मला फक्त तेवढंच बोलायला सुचलं.

ती सहल माझी होती, हे मान्य. तुझ्या लेखी सुट्टी म्हणजे गाव. इतकी वर्षं तू रजा साठवायचास आणि सगळी एकदम रत्नागिरीच्या वाटेवर खर्च करायचास. बॅगेत अर्धी जागा लोकांच्या गोळ्यांना, बॅटऱ्यांना आणि कुणाच्या तरी नातवाच्या बुटांना. परत येताना त्याच जागेत कुणाचं तरी लोणचं. तू रिटायर झालास त्या आठवड्यात मी फोनवर जाहीर केलं: यंदा गाव नाही. यंदा अशा ठिकाणी, जिथे कुणाच्या घरी जेवायला जायचं नाही, कुणासाठी काही न्यायचं नाही, कुणाचं काही आणायचं नाही.

"मग तिथे करायचं काय?"

"काही नाही."

"काही न करायला एवढ्या लांब? माझं बेसमेंट रिकामं आहे."

"दादा, समुद्र आहे. खोलीतून दिसतो."

 मग म्हणालास, "समुद्र आहे तर बरं. बुक कर." दुसऱ्या कुठल्याही मुद्द्यावर तू हललाच नसतास, म्हणून मी तो शेवटी काढला.

तिथे पोचल्या पोचल्या पहिलं भांडण पट्टीवरून. रिसॉर्टमध्ये प्रत्येकाच्या मनगटावर निळी प्लास्टिकची पट्टी बांधायचे, ती दाखवली की कुठेही खा, कुठेही बसा. तू हात मागे घेतलास. "हॉस्पिटलात बांधतात तसली. मी ॲडमिट झालेलो नाही." काउंटरवरची मुलगी हसत होती, मागे रांग वाढत होती, केतकी "बाबा, प्लीज, यू आर होल्डिंग अप द लाइन" म्हणत होती. शेवटी वहिनींनी तुझा हात धरून पुढे केला, लहान मुलाला लस टोचायला नेतात तसा. आठवडाभर तू ती पट्टी शर्टाच्या बाहीखाली लपवलीस. निघताना विमानतळावर मी माझ्या पर्समधली छोटी कात्री काढून ती कापली, तेव्हा मनगट चोळत म्हणालास, "सुटलो."

ह्या मार्चमध्ये मी न्यूअर्कहून पहिल्या विमानाने शिकागोला आले. हॉस्पिटलातल्या तुझ्या खोलीपर्यंत पोचले तेव्हा सगळं झालेलं होतं. पांघरुणाबाहेर तुझा एक हात होता आणि त्यावर पट्टी होती, पांढरी. मी कुणाला काही न विचारता पर्स उघडली आणि कात्री काढली. नर्स चांगली होती. तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "नो मॅम. दॅट हॅज टू स्टे." मी कात्री परत ठेवली. आल्यापासून तोवर मी रडले नव्हते. फोन करायचे होते, केतकीला खाऊ घालायचं होतं. त्या पट्टीपाशी मी संपले, दादा.

क्रीटबद्दल लिहीत होते.

तिथे सकाळी लवकर उठून लोक समुद्रालगतच्या आरामखुर्च्यांवर टॉवेल टाकून जात आणि मग निवांत नाश्त्याला बसत. दोन दिवस आपल्याला जागा मिळाली नाही. तू ते बघितलंस आणि तुझा चेहरा उजळला. "अरे, हे तर आपलंच! एसटीच्या खिडकीतून रुमाल!" मंगळवारी आम्ही उठून गेलो तर पहिल्या रांगेत सहा खुर्च्या, प्रत्येकीवर तुझं काही ना काही. एक पंचा, दोन बनियन, वहिनींची ओढणी, माझा स्कार्फ, आणि सहाव्या खुर्चीवर तुझी एक चप्पल. शेजारची बाई त्या चपलेकडे बघून काहीतरी बोलली तर तू तिला समजावलंस, "इन माय व्हिलेज बस, क्लॉथ मीन्स सीट टेकन. क्लॉथ फिनिश्ड, सो चप्पल." रोहन पाण्यात जाऊन लपला. अविनाश म्हणाला, "दादा, तुम्ही तीस वर्षं अमेरिकेत राहून शेवटी ग्रीसमध्ये एसटी पकडलीत."

मग बुधवार. नाश्त्याच्या टेबलावर तू वहिनींना विचारलंस, "नलू, आज तिथी काय?" वहिनी उपासांसाठी दिनदर्शिकेची पानं फाडून पर्समध्ये ठेवतात, त्यांनी जुलैचं काढलं.

"चतुर्थी. विनायकी आहे माझी. ह्या बुफेत मी काय खाऊ ते सांगा आधी."

"दही खा, फळं खा. चतुर्थी म्हणजे चार. चार पाऊणे तीन." तू हवेत हिशेब केलास. "तीनला भरती. म्हणजे सकाळी नऊला पूर्ण सुकती. चला, नऊला सगळ्यांनी त्या टोकाच्या खडकांकडे. पाणी आत गेलेलं असेल, कालवं दाखवतो रोहनला."

आपल्या गावात हे शेंबड्या पोरालाही येतं. तिथीला पाऊणने गुणायचं, येतो तो भरतीचा तास, त्यापुढे सहा तासांनी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. घड्याळ नसलं तरी चालतं, तिथी माहीत हवी. तू कितीतरी वर्षं ते गणित वापरलं नव्हतंस, पण पाठ होतं. नऊ वाजता तू पुढे, विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात चपला, आणि मागून आम्ही पाच जण. खडकांपाशी पोचलो. पाणी जिथे काल होतं तिथेच होतं. तू पाण्याच्या रेघेवर एक काठी रोवलीस. "पाच मिनिटं थांबा. इथे थोडा उशीर होत असेल."

थांबलो. पाणी काठीला चाटत राहिलं.

"मामा," रोहन म्हणाला, "देअर आर नो टाइड्स हिअर. इट्स द मेडिटरेनियन. लाइक, अ फ्यू इंचेस."

"कोण म्हणतं?"

"एव्हरीबडी?"

अविनाशला राहवलं नाही. "दादा, भूमध्य समुद्र. शाळेत शिकलो होतो. चारी बाजूंनी जमीन, बाहेर पडायला एक चिंचोळी वाट, त्यामुळे भरती-ओहोटी नावापुरती."

"मग हा समुद्र नाही," तू म्हणालास. "तळं आहे. मोठं तळं. समुद्राला जावंही लागतं आणि यावंही लागतं."

"अहो, नकाशात समुद्र लिहिलंय."

"नकाशा काढणाऱ्याने बाहेरून बघितला असेल."

केतकी खडकावर बसून पोट धरून हसत होती. मीही. रात्रीच्या जेवणाला रोहन दर पाच मिनिटांनी विचारत होता, "मामा, व्हॉट टाइम इज द टाइड?" आणि तू तुझ्या पाण्याच्या ग्लासात बोट बुडवून "ओहोटी लागली, वेटरला बोलाव" म्हणत होतास. सगळ्यांत जास्त तूच हसलास. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी चालायला निघाले आणि तू त्या खडकांपाशी एकटा उभा दिसलास, तेव्हा मला आधी वाटलं, गंमत पुढे चालू आहे.

काठी तिथेच होती. तू तिच्याकडे बघत म्हणालास, "कुंदे, मला गावाला जायचंय."

"डिसेंबरची तिकिटं बघते."

"तसं नाही."

तसं नाही म्हणजे काय ते मला कळलं, आणि मी ताबडतोब बोटं मोजायला लागले. तुझं हृदय, एकदा दगा दिलेलं. रत्नागिरीच्या हॉस्पिटलपर्यंतचा रस्ता. वहिनींचे गुडघे. केतकी इथे. औषधं. माझी पाच बोटं संपली तेव्हा मी दुसरा हात पुढे केला.

तू तो खाली केलास. "ही माझ्या शरीराची यादी झाली. मला कुठे लिहिलंस?"

"दर वर्षी जातोसच की."

"पाहुणा म्हणून. अंगणात शिरलो, अजून चपला काढलेल्या नसतात, तोवर पहिला प्रश्न काय असतो सांग."

मला माहीत होता. मलाही तोच विचारतात. "परत कधी?"

"परत कधी," तू म्हणालास. "प्रेमानेच विचारतात. किती दिवस जेवायला बोलावता येईल ते त्यांना ठरवायचं असतं. पण एकदा मला असं जायचंय की हा प्रश्न कुणाच्या तोंडात येऊ नये."

मी हरायला तयार नव्हते, अजूनही नाही. तुझं म्हणणं चुकीचं होतं, दादा. तिथे तुला ह्या मार्चमध्ये काही झालं असतं तर हॉस्पिटलात पोचेपर्यंतसुद्धा वेळ मिळाला नसता. इथे मिळाला, आणि त्याचा उपयोग झाला नाही, हा माझ्या मुद्द्याचा दोष नाही. हे वाक्य मी महिनाभर स्वतःशी म्हणतेय. तू समोर असतास तर त्यातली फट एका शब्दात दाखवली असतीस, म्हणून तुझ्यासमोर म्हणून बघते आहे.

त्या सकाळी मी माझा शेवटचा आणि सगळ्यांत पक्का मुद्दा काढला. "वहिनींना विचारलंस?"

"नाही."

"का?"

"विचारलं तर ती हो म्हणेल."

मला वाटलं, तू जिंकलास म्हणून सांगतो आहेस. "मग अडलंय कुठे?"

"तिथेच अडलंय," तू म्हणालास, आणि वाळूत बसलास. मीही बसले. "लग्न ठरलं तेव्हा विचारलं होतं. अमेरिकेत येशील का. नागपूरच्या बाहेर पाऊल न टाकलेली मुलगी, हो म्हणाली. पहिल्या हिवाळ्यात मी कामावरून आलो की ती सिंकपाशी भांडी घासत असायची. रोज. मला वाटायचं, किती काम करते. एकदा मी भांडं हातात घेतलं तर ते स्वच्छ होतं. सगळी स्वच्छ होती गं. घासलेली भांडी ती परत घासायची, मी आल्यावर माझ्याकडे पाठ करता यावी म्हणून. डोळे दिसू नयेत म्हणून."

मी हातातली वाळू खाली सोडली.

"आता तिचं सगळं इथे आहे. तिची गाडी, लायब्ररी, भजनाच्या बायका, केतकी. स्वतःचं स्वतः उभं केलंय. आता मी विचारलं तर ती पुन्हा हो म्हणेल, आणि कुठल्या तरी मोरीवर माझ्याकडे पाठ करून बसेल. एका माणसाला एकदाच विचारायचं असतं. माझं विचारून झालंय." मग माझ्याकडे बघून म्हणालास, "आणि तूही विचारायचं नाहीस. तुझ्या कुठल्याही यादीत हे लिहायचं नाही."

मी उत्तर देणार होते. तेवढ्यात लांबून केतकीने हाक मारली, "आत्या! बाबा! ब्रेकफास्ट क्लोजेस!" आणि तू गुडघ्यावर हात टेकत उठलास. उठताना काठी उपटून घेतलीस आणि खोलीपर्यंत ती टेकत आलास.

पुन्हा तो विषय निघाला नाही. पण त्याच दिवशी दुपारी एक गोष्ट झाली, आणि वहिनींना काय सांगायचं ते तिच्यामुळे अडलंय.

वहिनी समुद्राला भितात. गावाला आल्या की किनाऱ्यावर लांब, माडांच्या सावलीत बसायच्या. पाऊल भिजवायच्या नाहीत. नव्या नवरीला तू एकदा हात धरून पाण्यात नेलं होतंस, लाट परतताना पायाखालची वाळू सरकली आणि त्या किंचाळल्या, तेव्हापासून नाहीच. क्रीटला चार दिवस त्या छत्रीखाली बसून होत्या, दिनदर्शिकेचं पान डोळ्यांवर घेऊन. त्या दुपारी केतकीने त्यांना ओढत नेलं. पंजाबी ड्रेस घातलेला, ओढणी कमरेला खोचलेली. घोटा, मग गुडघे, मग कंबर. आम्ही दोघं खुर्च्यांवरून बघत होतो. वहिनी मध्येच थांबल्या, खाली पायांकडे बघितलं. काचेसारखं पाणी, तळाची वाळू दिसत होती. आणि मग शिकागोचं सगळं इंग्रजी आणि तुझ्या घरी शिकलेलं सगळं कोकणी वळण बाजूला पडून त्यांच्या तोंडून अस्सल नागपूर बाहेर आलं.

"अहो! हे पाणी पाय ओढून नाही राहिलं!"

अख्ख्या किनाऱ्याने ऐकलं. त्या हसत होत्या, हाताने पाणी उडवत होत्या, केतकीचा हात सोडून दिला होता. "आओ न! कुठे जातच नाही हे पाणी! उभंच आहे!" वहिनींना इतकं मोठ्याने हसताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

तू खुर्चीतून अर्धा उठलास. मला म्हणालास, "बघ."

एवढंच. मग शर्ट काढून पाण्याकडे गेलास.

आता तुझ्याकडून मला हवं असलेलं उत्तर हे. त्या "बघ"चा अर्थ काय होता? बघ, मी विचारलं नाही ते बरोबर केलं, असा? बघ, मी हरलो, असा? की सकाळी बोललो ते विसर, ह्या बाईला जे पाणी आवडतं ते मलाही चालेल, असा? की काहीच नव्हता, नुसतं तिच्याकडे बघ, कशी दिसतेय? मी तेव्हा विचारलं नाही, कारण मीही बघत होते.

वहिनी खरं सांग म्हणतात. खरं हे की तुला गावाला जायचं होतं. ते सांगितलं की पुढचं मला दिसतंय. त्या एक क्षणही थांबणार नाहीत. लेकचं नाव काढणार नाहीत. गुडघ्यांना पट्टे बांधून विमानात बसतील, तुला मांडीवर घेऊन. गावच्या किनाऱ्यावर भटजींना बोलावतील, लाट परतण्याची वेळ कुणाला तरी विचारतील, आणि ज्या पाण्याला जन्मभर भ्यायल्या त्यात उतरतील. मग शिकागोला परत येऊन रोज लेकवर चालायला जातील, जिथे तू नसशील. आणि मला फोनवर सांगतील, "बरं झालं हो कुंदा, तू सांगितलंस." पाठ माझ्याकडे करून, म्हणजे आवाजावरून मला कळणार नाही.

मी सांगणं हेच विचारणं होईल. तू मला तेवढ्याचसाठी अडवून ठेवलंस.

आणि नाही सांगितलं, तर तुला कुणी "परत कधी" न विचारण्याची जी एकच संधी उरली होती, ती मी घालवली, असं होईल. लेकवर वहिनी रोज येतील आणि निघताना म्हणतील, "येते उद्या." त्यात तुला बरं वाटेल की काय, तेही मला माहीत नाही. वाटेल, असं मला फार वाटतं. पण मी नेहमी तुझ्या विरुद्ध बाजूची, त्यामुळे मला जे वाटतं त्यावर माझा विश्वास बसत नाही.

दादा, तुझे माझ्यावर किती उपकार आहेत ते मी कधी बोलले नाही, कारण बोलले असते तर तू काहीतरी टोमणा मारला असतास. आम्ही एडिसनला घर मांडलं तेव्हा तू शिकागोहून गाडी घेऊन आलास. डेव्हन ॲव्हेन्यूच्या देशी दुकानांतून आणलेली पोत्याने डाळ, पोहे, आणि पुढच्या सीटवर कढीपत्त्याची कुंडी, तिला सीटबेल्ट लावलेला. वहिनी मागच्या सीटवर. मी दार उघडलं तर म्हणालास, "आधी हिला घरात घे, हिला थंडी सोसत नाही." मी वहिनींना आत घ्यायला गेले, तर तू ओरडलास, "अगं, हिला म्हणजे कढीपत्त्याला!" वहिनी म्हणाल्या, "राहू दे कुंदा, माझा नंबर नंतरच असतो." किती हसलो होतो तिघं त्या थंडीत. तेव्हा वाटलं होतं, माझ्या वहिनी तुझ्याबरोबर कुठेही मागच्या सीटवर बसून जातील. आता कळतंय की तुलाही तेच दिसत होतं आणि त्याचीच तुला धास्ती होती.

तुला ओरडावंसं वाटतं. विचारायला हवं होतंस रे. हो म्हणाल्या असत्या तर म्हणाल्या असत्या. कदाचित या वेळी नाही म्हणाल्या असत्या! त्यांना नाही म्हणायची संधी तरी मिळाली असती. तू त्यांचं उत्तर त्यांच्याआधी देऊन मोकळा झालास. आणि हे लिहितानाच मला दिसतंय की मीही तेच करतेय. महिनाभर मी एडिसनमध्ये बसून वहिनींचं उत्तर ठरवतेय. त्यांनी मला एक साधा प्रश्न विचारला आहे.

पण साधा कसा? तूच सांग, कसा साधा?

काल केतकीचा फोन होता. "आत्या, द आइस इज गॉन. आई बोटवाल्याला तारीख देत नाहीये. ती म्हणते, कुंदाचा फोन येऊ दे. व्हॉट आर यू वेटिंग फॉर? डिड बाबा से समथिंग?"

"बोलते मी आईशी," म्हटलं.

"इज इट समथिंग बॅड?"

"नाही गं. वाईट काहीच नाही." हे मात्र विचार न करता तोंडातून आलं, आणि ते खरं होतं.

आज रविवार. अविनाशने गवत कापायचं यंत्र दुरुस्तीला नेलं, रोहनचे कॉलेजचे कागद पोस्टाच्या पेटीत टाकले, महिन्याचं वाणसामान आणलं. वहिनींच्या भजनाच्या बायका तीनला जातात, त्यानंतर वहिनी घरी एकट्या असतात. आत्ता शिकागोत चार वाजून गेलेत. फोन समोर ठेवलाय, नंबर पाठ आहे. लावायचा राहिलाय.